‘तू मीटिंगमध्ये काहीच बोलत नाहीस’: अंतर्मुख माणसाने ऑफिसात कसं निभवायचं?

वार्षिक अप्रेझलचा फॉर्म उघडला की पहिल्या तीन-चार रकान्यांत सगळं छान असतं. काम वेळेत झालं, चुका नाहीत, क्लायंटची तक्रार नाही. मग शेवटच्या रकान्यात एक ओळ येते. ‘व्हिजिबिलिटी वाढवायला हवी.’ किंवा ‘टीममध्ये अजून मिसळायला हवं.’ म्हणजे नेमकं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. रेटिंग मात्र त्या एका ओळीपायी घसरलेलं असतं आणि रेटिंगबरोबर पगारवाढही.

पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत, बँकांत, छोट्यामोठ्या खासगी ऑफिसांत ही ओळ वर्षानुवर्षं वाचणारे लोक भरपूर आहेत. ते कामाला कमी नसतात. फक्त चहाच्या टपरीवरच्या घोळक्यात ते दिसत नाहीत, मीटिंगमध्ये सगळ्यांत आधी तोंड उघडत नाहीत आणि संध्याकाळी घरी पोचल्यावर तासभर तरी कोणी काही विचारू नये असं त्यांना वाटतं. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, असं आपल्याकडे म्हणतात. ऑफिसात हे थेट पगाराच्या स्लिपवर दिसतं.

‘जरा बोलायला शीक’ हा सल्ला अशा माणसाला शाळेपासून मिळत आलेला असतो. त्याने काही व्हायचं असतं तर एव्हाना झालं असतं. म्हणून आधी हे प्रकरण नेमकं काय आहे ते समजून घेऊ, मग त्यावर काय करता येतं ते पाहू.

अंतर्मुख म्हणजे नक्की कोण?

मराठीत अशा माणसासाठी शब्दांची कमी नाही. घुम्या, माणूसघाणा, शिष्ट, ‘तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय’. गंमत म्हणजे यातला एकही शब्द चांगल्या अर्थाने वापरत नाहीत. मितभाषी हा त्यातल्या त्यात सभ्य शब्द, पण तो माणूस मोठ्या पदावर पोचल्यावरच त्याच्यासाठी वापरला जातो!

अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी मानसशास्त्रात रुजवली ती स्वित्झर्लंडचे कार्ल युंग यांनी, १९२१ साली आलेल्या त्यांच्या व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरच्या पुस्तकातून. माणसाची मानसिक ऊर्जा आतल्या जगाकडे वळते की बाहेरच्या, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे ब्रिटनमध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांनी १९६७ मध्ये याला शरीराची बाजू जोडली. त्यांचं म्हणणं असं की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो. म्हणून थोडासा आवाज, थोडीशी गडबड त्याला पुरते. बहिर्मुख माणसाला तेवढीच तरतरी यायला बाहेरून जास्त मसाला लागतो. आयझेंक यांची ही मांडणी पुढच्या संशोधनात सगळीच्या सगळी टिकली नाही, पण उत्तेजना किती झेपते हा धागा अजून उपयोगाचा आहे.

आज अंतर्मुखता ही एका पट्टीवर मोजतात. एका टोकाला बहिर्मुख, दुसऱ्या टोकाला अंतर्मुख, आणि बहुतेक लोक मधे कुठेतरी. म्हणजे सोशल मीडियावर आपण ‘मी इंट्रोव्हर्ट’ असं जे ठासून सांगतो, ते रक्तगट सांगण्यासारखं नाही. उंची सांगण्यासारखं आहे. कोणी थोडा उंच, कोणी जास्त.

गप्प बसणारे सगळे अंतर्मुख नसतात

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, आणि उपाय चुकतात ते यामुळेच. ऑफिसात गप्प असलेला माणूस किमान तीन वेगवेगळ्या कारणांनी गप्प असू शकतो.

पहिला खरा अंतर्मुख. त्याला लोकांची भीती नसते. दोन मित्रांबरोबर तो मध्यरात्रीपर्यंत गप्पा मारेल. पण वीस जणांच्या टेबलावर त्याचा जीव रमत नाही.

दुसरा लाजाळू. त्याला बोलायचं असतं, पण लोक काय म्हणतील या धास्तीने शब्द घशात अडकतात. याचं गाजलेलं उदाहरण मुंबईतलंच आहे. इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आलेले मोहनदास गांधी मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात आपल्या पहिल्या खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि त्यांना एकही प्रश्न सुचेना. डोकं गरगरायला लागलं. शेवटी त्यांनी फी परत केली, दुसरा वकील करायला सांगितलं आणि ते बाहेर पडले. आत्मकथेत त्यांनी हे सगळं मोकळेपणाने लिहिलंय. आणि त्याच आत्मकथेत, या बुजरेपणामुळे आपल्याला मोजके शब्द वापरायची सवय लागली, असंही म्हटलंय. लाजाळूपणा सरावाने बराच कमी होतो. अंतर्मुखता ही स्वभावाची ठेवण असते, ती सरावाने जात नाही आणि घालवायची गरजही नसते.

तिसरा प्रकार आपल्याकडे खूप आहे, पण त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. तो म्हणजे भाषेमुळे गप्प असलेला माणूस. मराठी माध्यमातून शिकलेला, सोलापूर-लातूर-जळगावच्या कॉलेजातून कॅम्पसला निवडला गेलेला मुलगा किंवा मुलगी. गावाकडे ही पोरं गणपतीच्या मंडळात पुढे, स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणार. आणि हिंजवडीच्या कॉन्फरन्स रूममध्ये गप्प. कारण वाक्य मनात मराठीत तयार होतं, त्याचं इंग्रजी करेपर्यंत चर्चा दोन मुद्दे पुढे गेलेली असते. वर्षभर असं झालं की बाकीचे ‘तो क्वाएट आहे’ म्हणतात आणि तोही हळूहळू स्वतःला इंट्रोव्हर्ट म्हणायला लागतो.

स्वतःला हा प्रश्न विचारून बघा: मराठीत, आपल्या माणसांत असताना मी असाच असतो का? उत्तर ‘नाही’ असेल तर तुमचा प्रश्न स्वभावाचा नसून इंग्रजी बोलण्याच्या सवयीचा आहे, आणि त्यावरचा उपाय वेगळा आहे. रोज थोडं इंग्रजी मोठ्याने बोलायचं, मीटिंगमधलं आपलं पहिलं वाक्य आधी कागदावर लिहून न्यायचं, आणि जिथे टीममध्ये सगळ्यांना मराठी-हिंदी येतं तिथे बिनधास्त मिसळ भाषेत बोलायचं. व्याकरण चुकलं म्हणून कोणाचा कोड बंद पडत नाही.

ऑफिसातला आवाज हा नखरा नाही

अंतर्मुख माणूस हेडफोन लावून बसला की त्याला शिष्ट म्हणतात. पण यामागे खरोखर काहीतरी आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रसेल गीन यांनी १९८४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना शिकण्याचं एक काम दिलं आणि कानात येणारा आवाज किती मोठा असावा हे त्यांनाच ठरवू दिलं. बहिर्मुख लोकांनी आवाज बराच मोठा ठेवला, अंतर्मुख लोकांनी कमी. आपापल्या पसंतीच्या आवाजात दोघांचंही काम सारखंच चांगलं झालं. पण एकाच्या पसंतीचा आवाज दुसऱ्याला ऐकवल्यावर काम बिघडलं. म्हणजे जास्त आवाजात अंतर्मुख गडबडतो, तसा फार शांततेत बहिर्मुखही मंदावतो.

आता आपली ऑफिसं बघा. लांबलचक टेबलं, दोघांत पार्टिशन नाही, एकाचा क्लायंट कॉल, दुसऱ्याचं होमलोनच्या एजंटशी भांडण, तिसरीकडे केक कापायची तयारी. ‘भिंती काढल्या की लोक एकमेकांशी जास्त बोलतील’ असा या रचनेमागचा युक्तिवाद असतो. (खरं कारण जागेचं भाडं असतं, पण ते पोस्टरवर लिहिता येत नाही.) इथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या संशोधकांनी २०१८ मध्ये हे मोजून पाहिलं. दोन मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या मुख्यालयांत, खुली रचना होण्याआधी आणि झाल्यावर, कर्मचाऱ्यांच्या गळ्यात सेन्सर घालून ते किती वेळा समोरासमोर बोलतात याची नोंद केली. खुली रचना झाल्यावर समोरासमोरचं बोलणं वाढायच्या ऐवजी सुमारे ७० टक्क्यांनी घटलं. ईमेल आणि चॅट वाढले. चारही बाजूंनी उघडं पडलं की माणूस आपली भिंत आपणच उभी करतो, मग तो कोणत्याही स्वभावाचा असो.

त्यामुळे कोपऱ्यातली जागा मागायला संकोच करू नका. पण मागताना ‘मला गर्दीचा त्रास होतो’ असं म्हणण्यापेक्षा ‘रिपोर्टच्या कामाला सलग दोन तास लागतात, सकाळी ११ ते १ मी त्या मागच्या डेस्कवर बसलो तर लवकर होईल’ असं म्हणा. पहिलं वाक्य तुमच्या स्वभावाबद्दल आहे, त्यावर मॅनेजर सहानुभूती दाखवेल आणि विसरेल. दुसरं त्याच्या कामाबद्दल आहे. आणि हेडफोनबद्दल शेजारच्याला एकदा सांगून टाका की ‘हे लावले असले तरी काम असेल तर खुशाल खांद्यावर टकटक कर’. एवढ्या एका वाक्याने शिष्टपणाचा निम्मा आरोप गळून पडतो.

मीटिंग: खरी लढाई इथे आहे

मीटिंगमध्ये जो पटकन बोलतो तो हुशार वाटतो. जो विचार करून बोलतो त्याची वेळ येईपर्यंत ‘ओके, लेट्स क्लोज’ झालेलं असतं. घरी जाताना लोकलमध्ये उभ्या उभ्या मुद्दा सुचतो, तो असा की मीटिंगमधल्या सगळ्यांच्या मुद्द्यांपेक्षा सरस. पण तेव्हा ऐकायला समोर फक्त कोणाची तरी बॅग असते.

सगळ्यांनी एकत्र बसून कल्पनांचा पाऊस पाडायचा, ही ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ची पद्धत जाहिरात व्यवसायातल्या ॲलेक्स ऑसबॉर्न यांनी लोकप्रिय केली. गटात बसलं की कल्पना जास्त येतात, असा त्यांचा दावा होता. १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी तो तपासला. एकत्र बसलेला गट आणि तितकेच, पण वेगवेगळे बसून विचार करणारे लोक यांची तुलना केली. वेगवेगळे बसलेल्यांच्या कल्पना एकत्र केल्यावर त्या जास्त भरल्या. १९८७ मध्ये मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी त्याचं एक साधं कारण दाखवलं. एका वेळी एकच जण बोलू शकतो. दुसऱ्याचं संपेपर्यंत थांबताना आपला मुद्दा विसरतो, नाहीतर आपणच तो मनात बाद करतो. पावसात एकाच छत्रीखाली सहा जण घुसले की होतं तसंच.

याचा व्यवहारात अर्थ असा की मीटिंगच्या आधी लिहून पाठवणं हा पळपुटेपणा नाही. चर्चेची ती जास्त चांगली पद्धत आहे. विषय आदल्या दिवशी मागून घ्या. ‘उद्या कशावर बोलायचंय ते कळलं तर तयारी करून येतो’ हे कुठल्याही साहेबांना आवडणारं वाक्य आहे. मग सकाळी चार ओळींची ईमेल टाका. मीटिंगमध्ये तुमचं नाव आपोआप निघतं, ‘याने यावर काहीतरी लिहिलंय, सांग रे’. रिकाम्या मैदानात उतरण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

दुसरी गोष्ट, पहिल्या पाच-दहा मिनिटांत एकदा बोलून टाका. काहीही. एक प्रश्न विचारला तरी चालेल, ‘ही तारीख टेस्टिंग धरून आहे का?’ इतका साधा. जितका वेळ गप्प राहाल तितकं पहिलं वाक्य जड होत जातं, आणि चाळीस मिनिटांनी तोंड उघडलं की सगळे एकदम वळून बघतात. तेच नको असतं ना?

कोणी तुमचं बोलणं मधेच तोडलं तर? बहिर्मुख सहकारी हे बहुतेकदा उत्साहात करतात, दुष्टपणे नाही. ‘एक मिनिट, माझं वाक्य पूर्ण करतो’ एवढं शांतपणे म्हणायचं आणि जिथे तुटलं तिथून पुढे बोलायचं. आवाज चढवायची गरज नाही. आणि तुमचाच मुद्दा पाच मिनिटांनी दुसऱ्याच्या तोंडून मोठ्या आवाजात आला, तर ‘हो, मी मघाशी तेच म्हणत होतो, त्यात अजून एक भर घालतो’ असं म्हणून तो परत आपल्याकडे घ्या. हे जमायला वेळ लागतो. पण हे नाही जमलं तर वर्षअखेरीला श्रेय दुसऱ्याच्या नावावर जमा होतं, म्हणून एवढं एक तरी शिकून घ्यावंच असं माझं मत आहे.

बहिर्मुख असल्याचं सोंग करावं का?

यावर संशोधनाचं उत्तर सरळ नाही, आणि म्हणूनच ते कामाचं आहे.

एका बाजूला, कॅनडातल्या जॉन झेलेन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की बहिर्मुखासारखं वागून आपल्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज अंतर्मुख लोक कमी लावतात. प्रत्यक्षात त्यांना अंदाजापेक्षा बरं वाटतं. ‘पार्टीला जाऊ नये’ असं दिवसभर वाटत असतं आणि गेल्यावर मजा येते, हा अनुभव बहुतेकांना आहेच.

दुसऱ्या बाजूला, ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना आठवडाभर रोज बहिर्मुखासारखं वागायला सांगितलं. जे मुळात बहिर्मुखतेकडे झुकणारे होते त्यांना छान वाटलं. जे जास्त अंतर्मुख होते त्यांना मात्र फायदा कमी झाला, थकवा आला आणि आपण खोटं वागतोय असं वाटत राहिलं. तासभर आणि आठवडाभर यात हा फरक आहे.

तिसरी गोष्ट फिनलंडमधली. तिथल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडलं की लोकांत मिसळून झाल्यावर त्या क्षणी बरं वाटतं, पण साधारण तीन तासांनी थकवा जाणवतो. आणि हा थकवा अंतर्मुखांना येतो तसाच बहिर्मुखांनाही येतो! म्हणजे ‘लोकांमुळे माझी बॅटरी उतरते आणि त्यांची चार्ज होते’ हे मीममधलं विधान पूर्ण खरं नाही. बॅटरी सगळ्यांचीच उतरते. मला वाटतं, खरा फरक उतरलेली बॅटरी घेऊन माणूस पुढे कुठे जातो यात आहे, दुसऱ्या पार्टीला की घरी.

ब्रायन लिटल हे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ. ते स्वतः अंतर्मुख, पण वर्गात आणि व्यासपीठावर इतके रंगतदार की ऐकणाऱ्याला पटूच नये. त्यांचं म्हणणं, ज्या कामावर आपला जीव आहे त्यासाठी माणूस स्वभावाबाहेर जाऊन वागू शकतो. पण नंतर पूर्ववत व्हायला जागा आणि वेळ लागतो. व्याख्यान संपल्यावर गर्दी टाळायला आपण स्वच्छतागृहात जाऊन बसायचो, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलंय. तेव्हा जेवणानंतर टॉयलेटच्या बंद दाराआड पाच मिनिटं उगाच मोबाईल बघत बसणाऱ्या तमाम जनतेने अपराधी वाटून घेऊ नये. तिथे एक प्राध्यापकही बसून गेलेत.

यातून निघणारा हिशोब असा: सोंग करायचं, पण मोजून आणि कशासाठी ते ठरवून. क्लायंटसमोरचं प्रेझेंटेशन, नव्या टीमबरोबरचा पहिला दिवस, अप्रेझलची चर्चा, इथे ताकद लावा. आणि कॅलेंडरमध्ये त्याच्यानंतरचा अर्धा तास मोकळा ठेवा. प्रेझेंटेशनला लागून दुसरी मीटिंग घेऊ नका. दुसऱ्या मीटिंगमध्ये तुम्ही जे दिसता, तेच लोकांच्या लक्षात राहतं.

डबा, केक आणि लोणावळा

आपल्या ऑफिसांत माणसं जोडली जातात ती डब्यावर. कोणाच्या आईने काय दिलं, कोणाची भाजी खारट, कोण डाएटवर. रोज एकटं बसून जेवलं तर लोक त्याचा अर्थ ‘आपल्यात बसायला कमीपणा वाटतो’ असा काढतात. म्हणून रोज नाही, पण आठवड्यातले दोन-तीन दिवस पक्के करा. बाकी दिवस ‘आज जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून खुशाल निघा. आणि टेबलावर बोलावंच लागतं असं नाही. लिंबाचं लोणचं, शेंगदाण्याची चटणी, घरचा एखादा पदार्थ घेऊन जा. डबा पुढे सरकवणारा माणूस काही न बोलता टेबलावर लोकप्रिय असतो.

मोठ्या घोळक्यापेक्षा एकेकट्याशी ओळख हा अंतर्मुखांचा हुकमी डाव आहे. दर आठवड्याला एका माणसाबरोबर एक कटिंग. वर्षाला साठ-सत्तर जणांच्या ऑफिसात बहुतेकांशी नीट ओळख होते. घोळक्यात उभं राहून वर्षभर हसलं तरी तेवढी होत नाही.

वाढदिवसाचा केक, दसऱ्याचा ट्रॅडिशनल डे, ऑफिसच्या गणपतीची आरती, इथे जायचं आणि लवकर निघायचं. पहिली पंधरा-वीस मिनिटं हजर असलेला माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो. शेवटी कोण होतं ते कोणी मोजत नाही. गर्दीत हात रिकामे असले की अवघडायला होतं, म्हणून एखादं काम अंगावर घ्या. फोटो काढणं, प्रसाद वाटणं, सामोसे मोजून आणणं. काम करणाऱ्याला ‘गप्प का?’ असं कोणी विचारत नाही.

टीम आउटिंगचं थोडं अवघड आहे. लोणावळ्याच्या रिसॉर्टवर दोन दिवस, रात्री एकपर्यंत अंताक्षरी आणि खोलीत तीन जण. दर वेळी टाळू नका, एखाद्या वेळी टाळलं तर जग बुडत नाही. गेलात तर सकाळी सगळे झोपलेले असताना तासभर एकटे फिरून या. (डोळ्यांवर पट्टी बांधून एकमेकांच्या अंगावर पडायला लावणाऱ्या खेळांनी टीमचा विश्वास वाढतो, असं मला तरी कुठे दिसलेलं नाही.)

घरून काम आलं तेव्हा अंतर्मुखांना वाटलं, सुटलो. प्रवास वाचला, गोंगाट वाचला हे खरंच. पण घरून काम करणाऱ्या गप्प माणसाला ऑफिस आणखी लवकर विसरतं. तेव्हा हायब्रिड असेल तर ऑफिसचे दिवस निवडताना तुमचे साहेब ज्या दिवशी येतात तेच दिवस निवडा.

आपलंच कौतुक आपण कसं करायचं?

बहुतेक मराठी घरांत ‘स्वतःची टिमकी वाजवू नये’ हे बाळकडू असतं. त्यात स्वभाव अंतर्मुख. मग केलेलं काम सांगायची वेळ आली की ‘काही विशेष नाही, टीमने केलं’ असं तोंडातून निघतं, आणि साहेब ते शब्दशः खरं मानतात.

फुशारकी न मारता हे करायचा मार्ग म्हणजे लेखी नोंद. दर शुक्रवारी निघण्यापूर्वी पाच ओळी मॅनेजरला पाठवा: या आठवड्यात काय झालं, काय अडकलं, पुढे काय. विशेषणं नकोत, आकडे हवेत. ‘रिपोर्टला पूर्वी दोन दिवस लागायचे, आता चार तास लागतात’ यात बढाई कुठेच नाही. वर्षअखेरीला अशा पन्नासेक नोंदी जमतात, अप्रेझलचा फॉर्म अर्धा भरलेला असतो. आणि ‘व्हिजिबिलिटी’वाली ओळ पुन्हा आली, तर विचारा, ‘पुढच्या सहा महिन्यांत मी नेमकं काय केलं तर ही ओळ जाईल?’ उत्तर लिहून घ्या, ईमेलवर पक्कं करा. मोघम शेऱ्याला मोजता येईल असं कामाचं रूप दिलं की वाद घालायची वेळ येत नाही.

पुढे जायला बडबडं असावंच लागतं, हाही समजच आहे. विक्रीच्या कामाचं बघा, जिथे बोलघेवडाच हवा असं आपण धरून चालतो. ॲडम ग्रांट यांनी २०१३ मध्ये एका कॉल सेंटरमधल्या विक्री कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वाधिक कमाई करून दिली ती ना अति बोलक्यांनी ना अति अबोलांनी, तर पट्टीवर मधे असणाऱ्यांनी. ग्रांट आणि सहकाऱ्यांच्याच २०११ च्या अभ्यासात पिझ्झाच्या दुकानांचे व्यवस्थापक होते. जिथे कर्मचारी स्वतःहून सूचना करणारे, पुढाकार घेणारे होते, तिथे बहिर्मुख व्यवस्थापकाखाली नफा कमी होता, शांत व्यवस्थापकाखाली जास्त. कारण शांत माणूस ऐकून घेतो.

तुमच्या टीममध्ये असा कोणी असेल तर

साहेब किंवा मॅडम तुम्ही असाल तर एकच विनंती: सगळ्यांसमोर ‘अरे, तू पण बोल की कधीतरी’ असं म्हणू नका. त्याने तो पुढचे दोन महिने बोलणार नाही. विषय आदल्या दिवशी पाठवा, मीटिंगमध्ये पहिली पाच मिनिटं सगळ्यांना लिहायला द्या, आणि विचारायचंच असेल तर त्याच्या कामाबद्दल नेमकं विचारा. ‘तुला काय वाटतं?’ पेक्षा ‘डेटाबेसचा भाग तू केलायस, ही तारीख शक्य आहे का?’ याला उत्तर देणं सोपं असतं.

हे स्वभावापलीकडचं असेल तर?

एकटं राहून बरं वाटणं वेगळं आणि लोकांच्या विचारानेच छातीत धडधडणं वेगळं. फोन वाजला की घाम फुटतो, मीटिंगच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, भीतीपोटी सुट्ट्या पडतात, बढती नाकारली जाते, असं महिनोन्‌महिने चाललं असेल तर ती सामाजिक भीतीची समस्या असू शकते. तिच्यावर समुपदेशनाचे आणि गरज पडल्यास औषधांचे उपचार आहेत आणि त्यांचा उपयोग होतो. एरवी मोकळा असलेला माणूस एकाएकी गप्प झाला असेल, कशातच रस वाटेनासा झाला असेल, तर तेही ‘इंट्रोव्हर्ट झालाय’ म्हणून सोडून देऊ नये. नैराश्याची शक्यता तपासून घ्यावी.

केंद्र सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. फोनवर बोलायचंच जिवावर येत असेल, तर काय सांगायचं ते आधी कागदावर लिहून घ्या आणि सरळ त्यातूनच वाचून दाखवा.